माहेर किंवा सासर, एकच

आमच्या ऑफिसात ते परिपत्रक आलं त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे सहकारी मला म्हणाले, "मॅडम, मजा आहे तुमची, तुम्हाला चॉइस दिला!" माझं डोकंच फिरलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांची नावं औषधोपचाराच्या सवलतीत कधीचीच लागली होती, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. लग्न झालेल्या बाईला मात्र आता विचारत होते: आईवडील की सासूसासरे? एकच जोडी. एकदा सांगितलं की पुन्हा बदलायला फारसा वाव नाही. याला मजा म्हणायचं असेल तर म्हणा.

मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. उमरेडला आईला धाप लागत होती. जन्मभर तिने बाबांच्या हातमागासाठी कांड्या भरल्या, सुताचा भुगा नाकातोंडात गेला, आणि आता चुलीपासून दारापर्यंत यायचं तर मध्ये बसावं लागायचं. गावातला डॉक्टर सुई टोचायचा, थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. तिला नागपुरात मोठ्या दवाखान्यात भरती करून नीट तपासायला हवं होतं. धरमपेठेत आमच्याजवळ राहणारे सासूसासरे ठणठणीत होते. सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तेवढंच. शिवाय मोठे दीर परगावी एका कारखान्यात होते आणि तिथल्या दवाखान्यात या दोघांची फुकट सोय होती. पण तिकडचं पाणी यांना मानवत नव्हतं म्हणे.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "यात विचारायचं काय आहे? तू या घरची ना?" नवऱ्याने पेपर तोंडापुढे धरला. तो पेपर ओढून फाडून टाकावा असं मला वाटलं. "मी माझ्या आईवडिलांचीच नावं देणार," मी सुनावलं आणि रविवारी उमरेडची बस धरली.

खरी अडचण तिथे होती. आम्ही मुलीवर अवलंबून आहोत, असं बाबांनी सही करून द्यायला हवं होतं. आणि बाबा तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. आमच्याकडे आले की तहानलेलेच परत जायचे.

"पोरीच्या जिवावर जगून राहिलो, असं लिहून देऊ काय मी?" ते म्हणाले. "तुह्या सासऱ्याले काय तोंड दाखवू?"

"आन् आईले काही झालं तर?"

"आतापावेतो मीच पाहिलं ना तिले? पुढंबी पाहीन."

"तिले किती धाप लागून राहिली, दिसत नाही काय तुमाले?" मी ओरडले. शेजारीण दारात आली. आई आतून म्हणाली, "काहून वरडून राहिली वं? जाऊ दे. चहा ठेवतो मी." जिच्या श्वासाचा सगळा प्रश्न, तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी तिने बाबांकडेच पाहिलं असतं, आणि त्याचाही मला संताप आला. चहा न घेताच मी निघाले.

मुदत संपत आली. फॉर्मवरची जागा रिकामी ठेवून कुणाचं भलं होणार आहे, असं नवरा म्हणाला. एवढ्या दिवसांत त्याने दिलेलं ते एकमेव मत. शेवटी मी सासूसासऱ्यांची नावं दिली आणि त्यांची सवलतीची कार्डं आली.

हिवाळ्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात स्वतंत्र खोली मिळाली. भेटायला येणारा जो तो म्हणे, "सून कसली, मुलगीच आहे." मी कुणाकडे बघून हसलेसुद्धा नाही.

एका सकाळी आईबाबा आले. जिना चढून आईला बोलवत नव्हतं. पलंगाची कड धरून ती नुसती उभी राहिली. बाबा सासऱ्यांशी ताठ मानेनं बोलत होते. "आमच्या पोरीनं नाव राखलं," ते म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टर आले. आईच्या छातीतली घरघर त्यांना दारातूनच ऐकू आली असावी. सासूबाईंना सोडून ते तिच्यापाशी थांबले. "यांना कधीपासून त्रास आहे? कार्ड कुठं आहे यांचं?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. आता बोलायचंच, सगळ्यांसमोर, सगळ्यांची नावं घेऊन बोलायचं, म्हणून मी तोंड उघडलं. तोच आई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मी पेशंट नाही जी. मी भेटाले आली." आणि डॉक्टरांना सासूबाईंपर्यंत जाता यावं म्हणून ती बाजूला सरकली.