पाटावरचं पिस्तूल
शिवणयंत्राला तेल घातलं की त्या वासाने मला, पोरांनो, अमेरिकेत अर्विंगला तुमच्या घरी केलेली खंडेनवमीची पूजा आठवते. पाटावर कात्री, सुरी, लॅपटॉप, गाडीची किल्ली मांडून मी हळदकुंकू वाहत होते. एवढ्यात तुमच्या बाबाने नवं पिस्तूल आणून मधोमध ठेवलं. काळंभोर, तेलकट वासाचं. "आई, मुद्दाम छोटं निवडलं. शर्टाखाली दिसतसुद्धा नाही!" "गोळ्या आहेत का आत?" "अगं, सेल्फ डिफेन्सला रिकामं काय कामाचं?" पाटावरचा झेंडू उचलायला आलेल्या तुमच्यातल्या धाकटीने फूल सोडून पिस्तुलाकडेच हात नेला. "आजी, इट्स माय साइझ!" मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. "शर्टाखाली मावतं ते बघितलंस, हिच्या मुठीत मावतं ते नाही दिसलं?" मी ओरडले. त्याने गोळ्या काढल्या, पण पूजा मी पुढे केली नाही. आता दर खंडेनवमीला तुम्ही मला फोनवर पाट दाखवता. मी फुलांचं कौतुक नंतर करते. आधी विचारते, ते कुठे आहे? "कुलपात आहे, आजी," तुम्ही हसत सांगता. मला अजून हसू येत नाही.