डिंक लावलेली पाकिटे

टपालखात्याविषयी माझे मत पहिल्यापासून चांगले आहे आणि पुढे जे सांगतो आहे त्याने त्या मताला बाध येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आमच्या पाठशाळेच्या निवडणुकीसाठी जिल्ह्याच्या चारही कोपऱ्यांतून जी पाकिटे निघाली, त्यांतले एकही वाटेत गहाळ झाले नाही. डाकवाल्यांनी ती घाट उतरून, ओढे ओलांडून बिनचूक पोचवली. जो अनाचार झाला तो पाकिटे पोचल्यानंतर झाला, आणि तोही एका देवघरात.

पाठशाळा नगर शहरात होती. मी तिथेच शिकलो आणि पुढे गुरुजींच्या हाताखाली तिथेच शिकवू लागलो. गुरुजी म्हणजे पाठशाळेचे मुख्य आचार्य. मागच्या अंगाच्या एका खोलीत त्यांचे बिऱ्हाड होते. बिऱ्हाड म्हणजे एक चूल, देव आणि पोथ्या. पत्नी निवर्तलेली, अपत्य नाही, जगात दुसरे घर नाही. दर तीन वर्षांनी सभासद मुख्य आचार्यांची निवड करीत. हा केवळ उपचार होता. गावोगावचे वैदिक, भिक्षुक, शिक्षक, वकील जमत, गुरुजींचे नाव पुकारले जाई, हात वर होत आणि मंडळी पंगतीला बसत.

त्या वर्षी पाठशाळेच्या चिटणिसांनी आपल्या जावयाचे नाव पुढे केले. चिटणीस मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले होते. धर्माशी त्यांचा संबंध कपाळावरच्या गंधापुरता होता. गंध मात्र ते फार रेखीव लावीत. जावयाने काशीला दोन वर्षे घालवली होती. शिकला होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पेट्रोलच्या टंचाईने मोटारी कमी झाल्या आहेत, वृद्ध सभासदांना प्रवासाचा त्रास नको, असे सांगून चिटणिसांनी टपालाने मते मागवण्याचा ठराव आणला. वृद्धांविषयीचा हा कळवळा त्यांना त्यापूर्वी कधी आला नव्हता. वकील मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

पद्धत दिसायला निर्दोष होती. मताची चिठ्ठी एका कोऱ्या पाकिटात घालायची, ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालायचे आणि बाहेरच्या पाकिटावर आपले नाव लिहून सही करायची. दोन्ही पाकिटे 'नीट बंद करून' चिटणिसांच्या पत्त्यावर पाठवायची. ती त्यांच्या घरी ठेवणे योग्य आहे का, असे मी भीतभीत विचारले तेव्हा ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, देवघरात ठेवतो आहे. प्रत्यक्ष देवाच्या पहाऱ्यावर तुमचा विश्वास नाही?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

आता एका आचाराविषयी सांगितले पाहिजे. आमच्या सभासदांत नऊजण अत्यंत कर्मठ वैदिक होते. पाकिटाचा डिंक ते जिभेला लावीत नसत. कोणत्या कारखान्यात, कोणत्या प्राण्याच्या कातड्याहाडांतून ती खळ काढली असेल याची त्यांना शाश्वती नव्हती. आणि ज्या कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहिले आहे त्याला उष्टे लावणे त्यांना पाप वाटे. पाण्याचे बोट लावूनही ते तो डिंक भिजवीत नसत. पाकीट दुमडून त्यावर सुताचा दोरा गुंडाळीत आणि गाठ मारून पाठवीत. त्यांची पत्रे मी वर्षानुवर्षे पाहिली होती. हा आचार मला तेव्हाही पूज्य होता, आताही आहे. परंतु गुरुजींचे निष्ठावंत तेच होते, आणि नेमकी त्यांचीच पाकिटे एका गाठीवर उघडत होती. जीभ फिरवून पाकीट घट्ट चिकटवणारे वकील आणि कचेरीतले कारकून चिटणिसांच्या बाजूचे होते. हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आले नाही.

मोजणीच्या सकाळी एक वकील आणि मी असे दोघे निरीक्षक होतो. चिटणिसांनी पाकिटांची चळत चौरंगावर ठेवली आणि आमच्यापुढे कागद सरकवला: 'सर्व पाकिटे बंद स्थितीत मिळाली.' मी एकेक पाकीट उलटून फक्त त्याची कड पाहिली, नाव नाही. सर्व बंद होती. मी सही केली. खरे होते तेच मी लिहून दिले.

मग बाहेरची पाकिटे फोडताना त्या नऊजणांपैकी, प्रवरेकाठच्या अकोल्याच्या अग्निहोत्र्यांचे पाकीट हाती आले. दोरा नव्हता. कड डिंकाने अशी सपाट बसवलेली, की कचेरीतल्या लखोट्यालाही हेवा वाटावा. पुढे नेवाशाच्या घनपाठींचे, तेही तसेच. माझा हात थांबला.

"हे यांनी चिकटवलेले नाही," मी म्हणालो.

"मग काय अकोल्याहून उघडंच उडत आलं?" चिटणीस म्हणाले.

"ते दोरा बांधतात. डिंक लावीत नाहीत."

"उघडं असतं तर उघडं का म्हणून ओरडला असता. बंद आहे तर बंद का! शास्त्रीबुवा, आत्ताच सही केलीत ना? शाई तरी वाळू द्या."

वकील शेजारी सुपारी कातरीत होता. त्याने मान हलवली आणि पुढचे पाकीट फोडले. आतली कोरी पाकिटे एकत्र मिसळली गेली. शेवटी गुरुजींना पाच मते पडली. एकट्या वैदिकांचीच नऊ होती. नऊ माणसे ज्याच्या ऋणात होती त्या गुरूला पाच मते, हे गणित सोडवायला ज्योतिष लागत नव्हते.

निकाल आठ दिवसांनी सभेपुढे कायम व्हायचा होता. मी दुसऱ्याच दिवशी निघालो. कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीने संगमनेरपर्यंत आणि तिथून बैलगाडीने अकोल्याला. अग्निहोत्री प्रवरेवर स्नान करून परतत होते. मी सर्व सांगितले. त्यांनी हातातला ओला पंचा पिळून खांद्यावर टाकला.

"दोरा मी स्वतः बांधला. गाठ सुद्धा दुहेरी मारली," ते म्हणाले. "चल. मीच येतो."

त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. प्रवासात ते अन्न घेत नसत, परक्या हातचे पाणी घेत नसत. दीड दिवसाच्या वाटेत त्यांनी फक्त स्वतः भरून घेतलेल्या तांब्यातले पाणी घेतले, आणि त्याच अवस्थेत सभेत उभे राहिले.

"माझ्या पाकिटाला डिंक कोणी लावला?" त्यांनी विचारले.

मला वाटले होते, आता चिटणीस गडबडतील. त्या माणसाने हात जोडले. "मी लावला, काका. तुमची पाकिटं उघडी आली. नियमाप्रमाणे बाद झाली असती. तुमचं मत फुकट जाऊ नये म्हणून चिकटवली. उलट उपकार माना."

सभेत समाधानाची एक कुजबुज पसरली. मला त्या कुजबुजीची किळस आली. चोराने चोरी कबूल केली होती आणि विद्वानांनी तिला परोपकार म्हणून मान्यता दिली होती.

"माझे मत आचार्यांना होते," अग्निहोत्री म्हणाले.

"असेलच की! पाच पडलीत, त्यांतलं एक तुमचं."

"उरलेले आठजण मला ठाऊक आहेत. त्यांना बोलवा. ते तोंडाने सांगतील."

यावर तो वकील उठला. "मत गुप्त असतं, आजोबा. तोंडाने सांगितलेलं मत हे मतच नव्हे. आणि सांगितलं तरी चिठ्ठीवर तेच होतं याला पुरावा काय?"

अग्निहोत्र्यांनी उभ्या आयुष्यात असत्य उच्चारले नव्हते. अशा माणसाला पुरावा मागणारा तो वकील प्रत्येक एकादशीला त्यांच्या पाया पडत असे. आणि त्याच्या प्रश्नाला खरोखर उत्तर नव्हते. समोरासमोरच्या सभेत माणूस खोटा असला तरी त्याचा हात दिसतो. टपालात सही दिसते, तिकीट दिसते, शिक्का दिसतो. माणूस तेवढा दिसत नाही, आणि तो नाही हे ज्याला ठाऊक असते तो त्याच्या जागी बसतो. अशा व्यवस्थेला सुरक्षित म्हणणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे, की पाकीट कोणाच्या घरी उतरते.

निकाल कायम झाला. मी जागेवर उठून माझी सही मागे घेतो म्हणालो. चिटणिसांनी विचारले, "का? पाकिटं बंद नव्हती का?" मला 'नव्हती' म्हणता आले नाही. तेवढे एक असत्य मी बोललो असतो तर कदाचित फेरमतदान झाले असते. गुरुजी खांबाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान नकारार्थी हलवली. मी खाली बसलो.

खोली रिकामी करायला गुरुजींना चार दिवस दिले होते. ते तिसऱ्या दिवशीच निघाले, अग्निहोत्र्यांबरोबर अकोल्याला. मोटारतळावर मी पोथ्यांची गाठोडी घेऊन उभा होतो. क्लीनर ती टपावर टाकू लागला तेव्हा गुरुजींनी मांडीवर मागून घेतली.

"लई वजन हाय बाबा यात," तो म्हणाला. "काय भरलंय?"

"पाठ आहेत ते," गुरुजी म्हणाले. "आपटले तर फुटायचे नाहीत, पण राहू दे."

तो हसला आणि कोळशाच्या भट्टीचा पंखा फिरवायला गाडीच्या मागे गेला. भट्टी पेटेपर्यंत वेळ होता. मी एकदाचे विचारले, "मी 'नव्हती' म्हणालो असतो तर?"

"तर मी पाठशाळेत राहिलो असतो," गुरुजी म्हणाले, "आणि उद्या सकाळी तुला कोणत्या तोंडाने शिकवले असते?"

गाडी सुटली. मी परत आलो तेव्हा जावई गुरुजींच्या खोलीची चूल उकरून काढीत होता. तिथे त्याला मेज ठेवायचे होते. मी माझे उपरणे आणि तांब्या घेतला, देवांना नमस्कार केला आणि बाहेर पडलो. चिटणीस दारात भेटले. ते काहीतरी म्हणाले. मी उत्तर दिले नाही, आणि पुढे ते जिवंत असेपर्यंत कधीही दिले नाही.