सुधारलेल्या पोराचा फ्लेक्स

बजाजनगरात आमच्या शेजारी एक बाई राहते. नवरा वारलेला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. तिचा एकुलता एक मुलगा 'बटन' विकताना पकडला गेला. बटन म्हणजे झोपेच्या गोळ्या. आमच्याकडं पोरं त्या नशेसाठी खातात. तो जामिनावर सुटला आणि गल्लीतल्या मंडळानं बैठक बोलावली.

"असल्यांची चौकातून धिंड काढा. फोडल्याबिगर अक्कल येत नाय," अर्धी गल्ली म्हणाली. मंडळाचा अध्यक्ष मात्र हात जोडून उभा राहिला. "पोरगं हाय, चुकलं. सुधारू द्या त्याला." मीही त्याच्याच बाजूनं बोललो. घसे बसेपर्यंत भांडण झालं आणि शेवटी सुधारणा जिंकली.

पोरगा खरंच सुधारला. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि वाळूजला एका ठेकेदाराकडं पॅकिंगला लागला. ठेकेदाराला मागचं काही ठाऊक नव्हतं. बाईचं घर त्या नोकरीवर पुन्हा उभं राहत होतं.

पण शाल-नारळाशिवाय आपल्याला कुणाचं भलं पचत नाही. पोरगा नको नको म्हणत असताना मंडळानं त्याचा सत्कार केला. शिवाय कंपनीच्या बस थांबतात त्या चौकात भला मोठा फ्लेक्स लावला: 'नशेच्या विळख्यातून मुक्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर नेत्याचा, म्हणजे भाऊंचा, हसरा चेहरा, खाली पदाधिकाऱ्यांची रांग, मधोमध पोरगा. अहो, पोलीससुद्धा कोर्टात नेताना आरोपीच्या तोंडाला फडकं बांधतात. ती हसरी थोबाडं बघून मला शिसारी आली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत.

ठेकेदारानं फ्लेक्स वाचला आणि पोराला गेटवरूनच परत पाठवलं. बाई अध्यक्षाकडं धावली.

"दादा, पाया पडते, तेवढा बोर्ड उतरवा."

"मावशी, भाऊंचा फोटू हाय त्याच्यावर. त्यांचा वाढदिवस होईस्तोवर हात लावता येत नाय. अन् आम्ही तर तुमच्या पोराचं नाव केलं की!"

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिनं चौकात स्टूल नेलं आणि भाजीच्या सुरीनं पोराचा चेहरा कापून काढला. स्टूल डगमगलं. सुरी वर सरकली आणि भाऊंचा गाल फाटला.

संध्याकाळी अख्खं मंडळ पोलीस ठाण्यात. बाईला बाकड्यावर बसवलेलं. मी तिच्या बाजूनं बोलायला गेलो, पण अध्यक्षाच्या आवाजापुढं माझं कुणी ऐकेना.

"बाईमाणूस म्हणून सोडू नका," तो ठाणेदाराला सांगत होता. "चांगली कडक कलमं लावा."