हिरवा चुडा आणि मुंग्या

पायाला मुंग्या आल्या की माणूस पाय झटकतो, दोन पावलं लंगडतो आणि मुंग्या जातात. माझ्या आल्या त्या गेल्याच नाहीत. पाहुण्यासारख्या आल्या आणि भाडेकरूसारख्या राहिल्या. आधी अंगठ्याशी होत्या, मग तळव्यात, मग घोट्यापर्यंत. दिवसा नुसत्या चालतात, तिन्हीसांजेला चावायला लागतात, आणि अंथरुणावर पडलं की तळव्याखाली कुणी निखारे पसरल्यासारखं होतं. एवढी आग असते, तरी त्याच पायाला खडा टोचलेला कळत नाही. असले उफराटे पाय! कंटाळा आलाय मला त्यांचा.

शिरूरच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही मणियार. सासूबाईंनी मला बांगड्या भरायला शिकवलं, मी माझ्या सुनेला शिकवलं. घर मुसलमानाचं, पण आसपासच्या गावांतल्या कितीतरी नवऱ्या मुलींचा हिरवा चुडा आमच्या हातानं भरलेला. लग्नाघरी जायचं, चटईवर बसायचं, पोरीचा हात मांडीवर घ्यायचा. चुडा भरून झाला की पोरगी भरणारीच्या पाया पडते. हिंदू असो कुणी असो, ती रीतच आहे. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, अपशकुन होतो. बांगडी ‘वाढली’ म्हणायचं. दवाखान्यात मला साखर वाढली म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की नक्की काय फुटलंय ते हा माणूस सांगत नाही.

पायाची आग सुरू झाली तेव्हा बाजारपेठेनं एकमुखानं निदान केलं, उष्णता! सब्जा प्या, गुलकंद खा, तळव्याला काशाची वाटी घासा. दौंडला माझी लेक दिलेली आहे. तिच्याकडे गेले, तर तिच्या सासूनं काही न विचारता दोन्ही तळव्यांना मेंदी थापली. “बघा विहीणबाई, कशी आग पळती.” गार वाटलं हे खरं. दोन दिवस बरी झोप लागली, म्हणून परत लावली, मग परत लावली. तळवे नव्या नवरीसारखे लालभडक. त्याच दिवसांत नव्या चपलेनं टाचेजवळ फोड आला, तो फुटला, तिथं जखम झाली. पण लालात लाल काय दिसणार? चादरीला डाग पडले तेव्हा लेकीच्या लक्षात आलं. ती रडायलाच लागली. मी तिला म्हटलं, “अगं, मला दुखतसुद्धा न्हाई, तू कशाला रडतीस?” तर ती म्हणाली, “म्हणूनच रडतीय.”

दौंडच्या डॉक्टरांनी मला आणि विहीणबाईंना एकत्रच झापलं. उष्णता-बिष्णता काही नाही, साखरेनं नसा खराब झाल्यात म्हणाले. मला डोळे मिटायला लावले. “टोचलं की सांगा.” मी बसले डोळे मिटून. पंखा चालू होता, बाहेर रेल्वेचा भोंगा वाजला. शेवटी कंटाळून म्हटलं, “टोचा की आता डॉक्टर.”

“झालं टोचून,” ते म्हणाले.

त्या दिवशी यष्टीनं शिरूरला परत येताना चौफुल्याला उतरून चहा घेतला. परत गाडीत चढले तेव्हा शेजारची बाई म्हणाली, “मावशी, एका पायात चप्पल न्हाई तुमच्या.” खरंच नव्हती. चहाच्या टपरीपासून गाडीपर्यंत मी एक पाय अनवाणी चालत आले होते आणि मला पत्ता नाही. कंडक्टर भला माणूस, त्यानं गाडी थांबवून आणून दिली. सगळी गाडी माझ्या पायांकडे बघत होती. मला इतका राग आला की न्हावरा येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

तेव्हापासून माझा दिवस म्हणजे पायांची चाकरी. आंघोळीचं पाणी किती कढत आहे ते पाय सांगत नाहीत, म्हणून कोपर बुडवून बघायचं, तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. मागून बंद होणाऱ्या बुटासारख्या चपला, त्यात हात घालून आधी खडा-बिडा बघायचा. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. गोळ्या घ्यायच्या, त्यानं आग कमी होते पण डोकं जड होतं, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता जांभई येते. आणि मगरिबच्या, तिन्हीसांजेच्या नमाजाआधी सून हातआरसा घेऊन बसते, माझा एकेक पाय उजेडाकडे करून खालून-वरून बघते. “अम्मी, पाय ढिला सोडा.” मी सोडलेलाच असतो. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेनं सासूचे पाय बघायचे? आता रोजचं झालंय. तिलाही कंटाळा येत असणार, ती बोलत नाही एवढंच.

पायांचं मी सोसलं. पाय काही भाकरी देत नव्हते. पण मग मुंग्या बोटांत आल्या.

बांगडी भरणं म्हणजे जोर नाही, अंदाज आहे. अंगठा तळहातात दुमडायचा, बोटांच्या मुळाची हाडं हळूहळू एकमेकांत दाबायची, आणि हाड कुठं सरकतंय ते आपल्या बोटांना कळलं की बांगडी तिरकी करून ओढायची. मी कधी हाताकडे बघत नसे. बाईच्या तोंडाकडे बघायचं, सासू कशी आहे, पोरं काय करतात विचारायचं. ती बोलण्यात गुंतली की हात सैल पडतो, आणि बांगडी आत. आता मी बोलायचं सोडून हाताकडे बघत बसते, आणि बाईही हाताकडे बघते, आणि तिचा हात लाकडासारखा होतो.

गेल्या उन्हाळ्यात एका बाईला बांगड्या भरताना एक वाढली. मी सवयीनं “वाढली, वाढली, चांगलं झालं” म्हटलं आणि दुसरी घेतली. तेवढ्यात ती ओरडली. हिरव्या काचेवर रक्त. तिचा हात उलटासुलटा करून बघितला, कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. मग सुनेनं माझा अंगठा धरला. त्यात काच होती, आणि मी तोच अंगठा लावून पुढची बांगडी ओढत होते. बाई पैसे टाकून लगबगीनं गेली. परत आली नाही.

घरात विषय निघाला. मालक म्हणाले, “तू गल्ल्यावर बस. बांगड्या सून भरील.” सुनेनं चहा जरा जास्तच गोड बोलून दिला. मी म्हटलं, “मला गल्ल्यावर बसवायचं असेल तर सरळ कबरस्तानात नेऊन ठेवा.” तोंडाची मी पहिल्यापासून अशीच. पण आत भीती होती. या बाजारपेठेत मला नावानं कुणी ओळखत नाही. बांगडीवाली म्हणूनच ओळखतात. बांगड्या गेल्यावर मी कोण?

अशात वडगाव रासाईचं बोलावणं आलं. धनगराचं घर. एके काळी मेंढरं घेऊन फिरायचे, आता नदीकाठी ऊस आहे. त्या घरच्या आजीला सासूबाईंनी चुडा भरला होता, तिच्या सुनेला मी, आणि आता सुनेच्या पोरीचं लग्न. पोरगी सणसवाडीला कंपनीत कामाला. आजीनं फोनवर बजावून सांगितलं, “भाभी, तुम्हीच यायचं. आन् माझ्या नातीच्या चुड्यात एक बी वाढता कामा नये.” मी हो म्हटलं. मालकांनी कपाळाला हात लावला. मी मनाशी ठरवलं, हा चुडा धड भरला तर हे हात माझे. एक जरी वाढली, तर गल्ला.

बांगड्यांची पेटी घेऊन सून बरोबर आली होती. लग्नाघरी पोरीचा हात बघितला आणि घाम फुटला. मशीनवर काम करून कडक झालेला, हाडं रुंद. वर तिच्या आईनं माप लहान सांगितलेलं, चुडा हातात घट्ट बसावा म्हणून. आजीनं नातीच्या कपाळाला बोटभर रुंद कुंकू लावलं, बायका भोवती बसल्या. पहिली बांगडी घेतली. बोटांना काही कळेना. हातमोजे घालून भरतेय असं वाटलं.

“चाची,” पोरीची आई म्हणाली, “माझ्या वक्ताला तर तुम्ही बघत बी नव्हता. आज एवढं काय न्याहाळताय?”

“तुझ्या लेकीचा हात लई देखणा हाय, म्हणून,” मी म्हटलं. बायका हसल्या.

मग मी पोरीच्या कानाशी लागले. हळूच म्हटलं, “बाळ, माझ्या बोटांना कळत न्हाई. हाड कुठं अडतंय ते तू सांग.” तिनं माझ्याकडे बघितलं. पोरगी शहाणी, तोंडावर काही दाखवलं नाही. नुसतं पुटपुटायला लागली, “इथं अडतंय. जरा खाली. हां, आता ओढा.” बायकांना वाटलं, नवरी लाजून काहीतरी बोलतेय. तिच्या हाताचं तिला कळत होतं आणि ओढत मी होते. माझी पाठ भिजली, गोळीची गुंगी कुठल्या कुठं गेली. एकामागून एक सगळ्या चढल्या. दोन्ही हात भरले आणि एकही वाढली नाही. आजीनं नातीची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. या अल्ला, मला इतका आनंद झाला! सून पेटी आवरत होती, तिच्याकडे मी असं बघितलं की काय सांगू. घरी जाऊन मालकांना काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवायला लागले.

जुळवता जुळवता एकदम जाणवलं की खोली गप्प झालीय. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“भाभी, काय चुकलं व्हय आमचं?” आजीनं विचारलं. “पोरगी कवाची वाकलीया. आशीर्वाद द्या की.”

मी खाली बघितलं. पोरगी माझ्या पायांवर डोकं टेकून होती. दोन्ही हिरवे हात माझ्या पावलांवर होते. किती वेळ होती कोण जाणे. मला काही, काही कळलं नव्हतं.

मग मी सांगून टाकलं. “माय, रुसले न्हाई गं. माझ्या पायाला कळत न्हाई. हाताला बी कळत न्हाई. तुझ्या नातीनं सांगितलं तसं भरलं मी.” मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, तो नीट डोक्यावरच आहे ना ते बघून घेतलं, आणि म्हटलं, “सुखी राहा. चुडा अखंड राहू दे.” आजीनं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, “आता धाकट्या नातीच्या लग्नाला कोण गं भाभी?”

“सून भरंल,” मी म्हटलं. “मी येऊन गप्पा मारीन. हात सैल पडायला त्या लागत्यात.”

वाटेत मी गाडीत डोळे मिटून बसले. अंगात काही उरलंच नव्हतं. घरी आल्यावर मी पलंगावर पडले, तिनं नेहमीप्रमाणे हातआरसा आणला, माझ्या चपला काढल्या आणि किंचाळली, “अम्मी, रक्त!”

मी उठून बसले. उजव्या पावलावर, बोटांच्या वर, लाल. तिनं ओला बोळा टेकवला आणि थांबली. बोट फिरवून बघितलं, वास घेतला. जखम कुठंच नव्हती. पोरीच्या कपाळाचं कुंकू होतं ते.

“धुऊ का?” तिनं विचारलं. मगरिबची वेळ होत आली होती, नमाजाआधी वुजू करताना पाय धुवायचेच होते.

“थांब जरा,” मी म्हटलं. “कळलं न्हाई, निदान बघू तरी दे. आरसा दे इकडं.”