देवाचा डिंक

शाळेत मी गेलो नाही, पन ग्यान पाजळाच्या कामात माझा हात कोनी धरत नाही. घाटंजीच्या बजारात पोतं आंथरून मी डिंक इकतो. माल जंगलातला. पोडावरून, म्हंजे कोलाम आदिवासी लोकायच्या वस्तीवरून आनतो. ते धावड्याचा डिंक देतात, मी मीठ-कांदे देतो.

तिथली एक बुढी कधीमधी म्हने, "कांदे कमी वाटून राह्यले, बापू."

झालं, माझं कीर्तन चालू. "माय, झाड तू लावलं का? पानी तू घातलं का? देवाचं हाये. देवाच्या मालाचा कोनी भाव करते का?"

बुढी मान हलवे. मले वाटे, वा रे पठ्ठे, शिकला असता तं कालेजात मास्तर झाला असता! घरी बायको म्हने, "बुढीले देव दाखवता अन् गिऱ्हाइकाले काटा." मी म्हनो, तुले ग्यानातलं काय समजते?

यंदाच्या थंडीत बुढी पहिल्यांदाच बजारात आली. माझ्या दुकानापुढं उकिडवी बसली. चार गिऱ्हाइकं उभे होते. तिनं ढिगातले चांगले चांगले खडे निवडले, पदरात टाकले अन् उठली.

"ओ माय! पैसे?"

"कायचे?" बुढी म्हने. "झाड तू लावलं का, बापू?"

टोमना नव्हता तो. खरंच इचारून राह्यलती. गिऱ्हाइकं फिदीफिदी हासले. एक जन म्हने, "बोला ना आता, महाराज!"

जलमभर लोकायले हासवलं मी, पन त्या दिवशीचं हासनं झोंबलं. मी डोक्यापाशी बोट फिरवलं. म्हनलं, "बुढी सटकली हो! पदर पाहा तिचा, आनखी काय काय उचललं तं!"

आता सारे तिच्याकडं पाहून हासले. बुढीनं खडे एक एक करून ढिगात परत टाकले. पदर झटकून दाखवला.

"सून बाळंत झाली," म्हने. "लाडू करतो म्हनलं. घरात होता तेवढा तं तुले देल्ला. मले वाटलं, तू खरंच सांगत होता."

अन् गेली. मी हाक मारली नाही. गिऱ्हाइक होतं ना.

आठ दिवसांनी डिंक अन् गूळ बांधून पोडावर गेलो. सून बाजेवर बसून ज्वारीच्या भरडून शिजवलेल्या कन्या खाऊन राह्यलती, नुसत्या. बुढीनं पुडक्याले हात लावला नाही.

"याचं काय द्या लागते?"

"काही नाही, माय. हे तं…"

पुढचं तोंडापर्यंत आलं अन् तिथंच अडकलं. पुडकं ओट्यावर ठेवलं, पानी पन न पेता निघालो. बुढीनं ते उचललं का कुत्र्यानं नेलं, मले मालूम नाही. वळून पाहाची हिंमत कोनाले होती?

आता त्या पोडावर मी जात नाही. पलीकडच्या पोडावर जातो. तिथं देवाचं नाव काढत नाही. कांदे मातर तेवढेच देतो.