कॉफीची फळी

आमच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली भिंतीला दोन लोखंडी अँगल ठोकलेले आहेत. त्यांच्यावर काहीच नाही. भिंत पुसताना फडकं त्यांना अडकतं. नवरा म्हणाला, "काढून टाकू का?" मी म्हटलं, "राहू द्या." का राहू द्यायचे ते त्याने विचारलं नाही, आणि न विचारता मी कधी सांगत नाही. चार माणसांत तोंड उघडलं की माझा घसा कोरडा पडतो आणि मनात असतं त्याच्या उलटंच बाहेर येतं. लिहिताना तसं होत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर चांगलं आहे असं बाई म्हणायच्या.

त्या अँगलवर फळी होती. फळीवर माझी कॉफी होती.

कॉफी मला उशिरा कळली. आमच्याकडे कॉफी म्हणजे एकादशीची, साखर घातलेलं दूध, वर जायफळ आणि रंगापुरती पावडर. माझी आई जळगावला दवाखान्यात होती तेव्हा मी तिच्याजवळ राहिले होते. तिथे दक्षिणेकडची एक सिस्टर होती. ती स्वतःसाठी घरून थर्मासमध्ये कॉफी आणायची. एका सकाळी आईचं अंथरूण बदलून मी भिंतीला टेकून उभी होते, तर तिने स्टीलच्या पेल्यात ओतून माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला तसा तिने पेला मागे घेतला. म्हणाली, "पहले बैठो. बैठ के पियो."

मी बसले. लग्न झाल्यापासून मी चहा उभ्यानेच पीत आले होते. सगळ्यांना देऊन झाला की पातेल्यात उरेल तो, ओट्याला टेकून, अर्धा गार. मी न केलेलं काही माझ्या हातात येतं आहे आणि वर कोणी बसायला सांगतं आहे, हे मला नवीन होतं. कॉफी कडू होती. त्या सकाळी मला ती आवडली. आई त्या दवाखान्यातून घरी आली नाही. त्या चवीची आठवण मात्र माझ्याबरोबर आली.

आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर भावांनी वाटणी केली. पहूरच्या पुढे आमचं गाव, केळी आणि कापूस. मला सहीला बोलावलं. बहिणीने हक्क सोडायचा असतो, तसा मी सोडला. तिथे बोलायचं काही नव्हतंच, सही तेवढी करायची होती. लहान भाऊ म्हणाला, "अक्का, तुला काय पाहिजे ते सांग. मिक्सर घे, चांगली साडी घे."

ओसरीतला झोपाळा मोडून फळ्या भिंतीशी उभ्या केल्या होत्या. मी म्हटलं, "त्यातली एक फळी देशील?"

वहिनी हसली. "लाकूड नेऊन काय करता बाई? धुळ्याला चूल आहे का तुमच्याकडे?"

सागाची फळी. मधोमध गुळगुळीत झालेली, कारण आई दुपारी तिथेच बसून तूर निवडायची. एसटीत ती मांडीवर आडवी घेऊन मी बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिचं अर्धं तिकीट फाडू का?" सगळी गाडी हसली. मीही हसले. माहेरचं एवढंच घेऊन मी धुळ्यात देवपूरला उतरले.

आमचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या तर एकीने ओट्याकडे तोंड करायचं आणि दुसरीने दाराकडे. खिडकीखाली रिकामे डबे, रद्दी, बिघडलेला कुकर असं सगळं पडलेलं असायचं. ते मी काढलं. भिंतीला चुना लावला. नवऱ्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे, म्हणजे हत्यारं हाताशीच. त्याने अँगल ठोकले, फळी कापायला काढली. मी करवत धरली. "कापू नका," म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक अँगल उपटून लांब ठोकला. त्या दिवशी मला तो फार चांगला वाटला.

मुलीचं सासर नाशिकला. तिने तिकडून स्टीलचा फिल्टर पाठवला, दोन मजल्यांच्या डब्यासारखा. वरच्या मजल्यात पावडर आणि उकळतं पाणी, खालच्यात थेंब थेंब उतरते ती कॉफी. बरोबर कॉफीच्या बिया आणि त्या दळायची हातचक्कीही होती, मुठीएवढी. लोणच्याच्या दोन बरण्या उन्हात वाळवून वाळवून मी त्यांचा वास घालवला. एकीत बिया, एकीत साखर. दोन पांढरे कप. गाळणं खिडकीच्या गजाला. मुलीने फोनवर पाहिलं आणि ओरडली, "आई, याला होम कॉफी बार म्हणतात! लोक हजारो रुपये घालून करून घेतात."

"बार म्हणू नको मोठ्याने," नवरा मागून म्हणाला. "देवपुरात कळलं तर संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहील."

खाली बसायला मी तेलाचा डबा उलटा घातला आणि त्यावर गोधडीचा तुकडा शिवून लावला. आधी एकच डबा होता आणि त्यावर मी बसायची. नवरा जेवून दुकानात जायच्या आधी दारात उभा राहून कॉफी प्यायचा. मग एक दिवस दुकानातून येताना त्याने दुसरा डबा आणला. माझ्या डब्याशेजारी ठेवला आणि बसला. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं कशाच्या तरी समोर शेजारी बसलो, ते तेव्हा पहिल्यांदा. तो दुकानातलं सांगायचा. मी ऐकायची, आणि कधी कधी मीही सांगायची. तिथे माझा घसा कोरडा पडत नव्हता.

जेठ आले ते श्रावण लागायच्या आधी. माझे थोरले दीर. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. अमळनेरजवळच्या गावी मोठं घर आहे, तिथे ते राहतात. आमच्याकडे जेठासमोर धाकटी भावजय बोलत नाही. पदर घेते, दाराआड उभी राहते, विचारलं तर मान हलवते. पुष्कळ घरांत हे आता सुटलं. आमच्यात सुटलं नाही, आणि मला तर ते सोयीचंच होतं.

पाणी प्यायला ते आत आले आणि फळीकडे बघत राहिले.

"काय शे हाई? हाटेल टाकी का रे भो?"

"कॉफी आहे आबा. घ्या ना," नवरा म्हणाला.

त्यांनी एक घोट घेतला आणि कप लांब धरला. "जयेल गुळनं पानी शे हाई!" जळलेल्या गुळाचं पाणी. बरोबर आलेल्या जेठाणी हसल्या. "लेक सासरी गेली, काम राहिलं नाही. मग अशी नाटकं सुचतात माणसाला."

नवराही हसला. मी दाराआड होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. तो नुसता बरं वाटावं म्हणून हसला, पण हसला.

मग आबांनी कामाचं सांगितलं. मोठ्या घराचं छप्पर काढलं आहे, स्लॅब पडायचा आहे, तेव्हा या वर्षी कानबाई देवपूरला. कानबाई आमची देवी. श्रावणातल्या रविवारी तिचा नारळ नथ-बांगड्यांनी सजवून मांडतात, घरातल्या माणसांच्या नावाने मोजून दळलेल्या गव्हाचे रोट करतात, सगळी भाऊबंदकी एका घरी जेवते. आजवर हे मोठ्या घरीच व्हायचं. आमच्याकडे होणार, हा मानच होता. मीही मनात म्हटलं, होऊ दे, करू.

पुढच्या खोलीत लोकांचे पाय आणि चपला. त्यामुळे देवी आत. आबांनी खिडकीखालच्या भिंतीवर हात ठेवला. "आठेच बसाडूत. उगवतं तोंड शे." इथेच बसवू, तोंड पूर्वेला येतं. एवढ्यानेही माझं काही बिघडलं नव्हतं. दोन दिवस कप खाली ठेवायचे, एवढंच. पण आबा म्हणाले, मोठ्या घरचा चौरंग हलवलेल्या सामानाखाली दबला, निघत नाही. एखादा रुंद पाट पाहिजे.

"ही फळी आहे ना," नवरा म्हणाला. "सागाची आहे आबा. अस्सल."

कोणी मागितली नव्हती. त्याने स्वतः दाखवली, आणि दुकानातल्या चांगल्या मालावर मारतात तशी फळीवर थाप मारली.

मी दाराआडून बांगड्या वाजवल्या. आमच्यात बाईला काही सांगायचं असलं की तेवढं चालतं. त्याने वळून पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्याला कळलं. करवत धरली तेव्हा कळलं होतं, तसंच कळलं. तो पुन्हा आबांकडे वळला. "धुऊन देतो चांगली," म्हणाला.

कानबाई छान दिसली, हे खोटं कशाला सांगू. दोन डबे मांडून त्यांवर फळी ठेवली होती. ते आमचेच डबे, बसायचे. गोधडीचे तुकडे काढून लाल कापड घातलं होतं. आईच्या जागी, मधोमध गुळगुळीत झालेल्या जागी, देवी बसली. बायकांनी गाणी म्हटली, फुगड्या घातल्या. जी ती मला म्हणायची, "नशीब काढलं बाई. तुमच्या फळीवर देवी बसली." मी हो म्हणायची. देवीवर माझा राग नाही. कुठे बसायचं ते तिला तरी कोणी विचारलं होतं?

सोमवारी देवीचं पांझरा नदीत विसर्जन झालं. परत येऊन मी फळीवरचं कुंकू पुसायला घेतलं, अँगलवर चढवायची म्हणून. जेठाणींनी माझा हात धरला.

"काय करतेस? देवीचा पाट झाला आता तो. त्याच्यावर उष्टे कप ठेवशील?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर आलं होतं, ही माझ्या आईची फळी आहे. पाच शब्दांचं वाक्य. तेही निघालं नाही. आणि ज्याला ते म्हणता आलं असतं, तो चपला शोधत होता.

आबा म्हणाले, देवीचा पाट मोठ्या घरीच राहतो, दर वर्षी लागेल. टेम्पोत भांडी भरली, गाद्या भरल्या, सगळ्यांत वर लाल कापडात गुंडाळलेली फळी. जेठाणी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये ना, बघशील तिला." जाताना मी सगळ्यांच्या पाया पडले.

टेम्पो गेल्यावर नवरा म्हणाला, "मी प्लायवूड आणतो. याहून रुंद. सनमायका लावून देतो, पुसायला सोपं." त्याला खरंच वाटत होतं की प्रश्न लाकडाचा आहे. की तसं दाखवत होता, ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, "नको. मला कुठे एवढा वेळ असतो."

फिल्टर आणि चक्की मी वरच्या कप्प्यात ठेवली. बरण्यांत पुन्हा लोणचं घातलं.

परवा दुपारी जेवण झाल्यावर तो स्वयंपाकघरात आला. डबे अजून खिडकीखालीच आहेत. एकावर बसला, दुसऱ्यावर हात फिरवला. "आज कॉफी कर ना," म्हणाला. "बरेच दिवस झाले."

"संपली."

"मुलीला सांग की पाठवायला."

"सांगते."

बिया संपलेल्या नाहीत. पिठाच्या डब्यामागे पिशवीत आहेत, अर्ध्याहून जास्त. मी चहा टाकला. त्याला कपात दिला. उरला तो मी ओट्याला टेकून, उभ्यानेच प्यायले.