ओळीचा नंबर
काल नातीच्या कॉम्प्युटर प्रोग्रामने आपण कुठल्या ओळीवर अडलो ते स्वतःच छापलं, आणि मला साठच्या दशकातली बंगळूरची ती गार कॉम्प्युटर खोली आठवली, भोकं पाडून प्रोग्राम लिहायच्या कोऱ्या कार्डांच्या वासाची. बसवनगुडीहून येणारी माझी कन्नड मैत्रीण, जिला मी अक्का म्हणायचे, ती आणि मी तिथे एकत्र काम करायचो. प्रोग्राम बंद पडला की कुठे अडलं ते शोधत दोघी कार्डांचा गठ्ठा उपसत बसायचो. एकदा परदेशी इंजिनियर आला तेव्हा अक्काने त्याला विचारलं, "यंत्रभाषेत भाषांतर करताना कंपायलर प्रत्येक ओळ मोजतो, मग तो नंबर प्रोग्रामला का देत नाही?" तो हसला. "प्रोग्रामला काय करायचाय?" बसस्टॉपवर अक्का एवढंच म्हणाली, "होईल गं, स्वल्प थांबायचं." पुढे लग्न होऊन ती दूर गेली, भेट राहिलीच. झालं गं अक्का, हे सांगायला आता मी कुठे जाऊ?